बजरंगच्या आईचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी जन्मनोंदवही आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की उसासे टाकतात, गेलेले दिवस आठवून हळव्या होतात. उसासे मलाही टाकता येतात, पण आज टाकणार नाही. आज मला बोलायचं आहे, आणि मधेच कुणी 'अहो, जाऊ द्या' म्हणालेलं मला चालणार नाही. ते 'जाऊ द्या' ऐकून ऐकूनच माझ्यावर ही वेळ आली.

औंढा तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे एक गाव आहे. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण नाव सांगितलं की बाकीची गावं 'बरं झालं, आपलं नाही' म्हणून मोकळी होतात. त्या गावच्या ग्रामपंचायतीत एक लोखंडी कपाट आहे आणि त्या कपाटात माझा मुक्काम. परभणीच्या एका छापखान्यात माझी बांधणी झाली. हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता, म्हणून माझ्या पुठ्ठ्यावर 'जिल्हा परभणी' असं ठसठशीत छापलेलं आहे. पुढे कुणीतरी निळ्या पेनाने त्यावर काट मारून खाली 'हिंगोली' लिहिलं. माझ्या पाठीला लाल कापड आहे आणि शिवण जाड दोऱ्याची आहे. प्रत्येक पानावर आकडा छापलेला आहे, म्हणजे एखादं पान कुणी फाडलं तर लगेच चोरी पकडली जावी. पहिल्या पानावर मोठ्या साहेबांची सही झाली, गोल शिक्का बसला, आणि त्या दिवसापासून मी साधी वही राहिले नाही.

तुमच्या शाळेच्या वहीत चुकलात तर तुम्ही खोडरबर घेता. फारच चुकलात तर पान फाडून त्याची होडी करता. माझ्यात तसलं काही चालत नाही. माझ्यात लिहिलेलं खोडायचं नाही, गिरवायचं नाही, वर कागद चिकटवायचा नाही. गावात कुणाच्याही घरी बाळ जन्मलं की ठरलेल्या मुदतीत येऊन सांगायचं: कधी जन्मलं, मुलगा की मुलगी, आई कोण, बाप कोण. सांगणाऱ्याने सही करायची किंवा अंगठा द्यायचा. मग ते कायद्याच्या दृष्टीने खरं. कुणी पुराव्याने उलट दाखवून देईपर्यंत खरंच. माणसं विसरतात, भांडतात, मरून जातात, पैसे घेऊन साक्ष फिरवतात. म्हणून सरकारने म्हटलं, एक अशी जागा असू द्या जिथे गोष्ट घडल्या घडल्या लिहून ठेवली जाईल आणि मग कुणाच्या मर्जीने बदलणार नाही. ती जागा म्हणजे मी.

आणि मी माझं काम केलं बरं का! दिपा नावाच्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं. बाप छातीठोकपणे सांगत होता, पोरगी अठरा पूर्ण झाली. मांडव पडला, वाजंत्री ठरली. शाळेच्या बाईंना शंका आली आणि त्यांनी मला उघडायला लावलं. माझ्या पानावर दिपा जेमतेम पंधराची निघाली. बापाने आरडाओरडा केला, भावकी जमवली, पण माझ्यापुढे कुणाचं चाललं नाही आणि मांडव उतरवावा लागला. त्या दिवशी सरपंचांनी माझ्यावरची धूळ स्वतःच्या उपरण्याने पुसली. मला फार बरं वाटलं होतं.

आता रागाची गोष्ट.

गावात संपतराव नावाचा मेंढपाळ राहतो. मेंढ्या, काही शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन. त्याची बायको अनुसयाबाई. त्यांची पहिली दोन लेकरं पाळण्यात पडायच्या आतच गेली. तिसऱ्या खेपेला अनुसयाबाई बाळंत झाली तेव्हा शकुबाई सुईणीने नाळ कापली, मुलगा आहे म्हणून सांगितलं, आणि घरात कुणाला हसायचं धाडस झालं नाही. अनुसयाबाईने तर लेकराकडे बघायचंच टाळलं.

आपल्याकडे एक जुनी रीत आहे. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथे नवं लेकरू जन्मल्याबरोबर दुसऱ्या घरी विकायचं. विकायचं म्हणजे पसाभर कोंडा घ्यायचा आणि लेकरू त्या बाईच्या ओटीत घालायचं. दारावर टपून बसलेल्या मरणाला वाटावं, इथे आता आपलं कुणी नाही, आणि ते निघून जावं. लेकरू तगलं, चालायला लागलं, की लुगडं-चोळी देऊन त्याला परत सोडवून आणायचं. रीत वेडी आहे म्हणा. पण पोटची दोन लेकरं मातीत ठेवून आलेल्या आईला मी हसणार नाही, आणि तुम्हीही हसू नका.

संपतरावच्या भिंतीला भिंत लागून खाजा मियाचं घर होतं. खाजा मिया कापूस पिंजून गाद्या भरायचा. त्याची बायको रहमतबी. तिची शबनम तेव्हा अंगावर पीत होती. रहमतबीने सुपात कोंडा आणला, अनुसयाबाईच्या दारात ओतला आणि लेकरू पदराखाली घेऊन गेली. भीतीने अनुसयाबाईला दूध उतरेना, तेव्हा रहमतबीने एका बाजूला शबनम आणि एका बाजूला हे पोरगं, असं दोघांना वाढवलं. इथवर माझी काहीच तक्रार नाही. शेजार असावा तर असा.

मग संपतराव नोंद करायला ग्रामपंचायतीत आला. तेव्हाचा ग्रामसेवक पान खात बसला होता. त्याने मला उघडलं.

"बापाचं नाव?"

"खाजा मिया लिहा," संपतराव म्हणाला.

पेन थांबलं. "अरे, पोरगं तुझं ना?"

"इकलं ना सायेब, रहमतभाबीला. रीत करून राहिलो आमी. तुमी माझं नाव लिवलं तर समदं फुकट जाईन. मरनाला वाचता येत असलं तर मंग?"

"आणि आई?"

"रहमतबीच लिवा. अनुसयाचं नाव कुठीच नका येऊ देऊ, तुमच्या पाया पडतो."

"पोराचं नाव काय ठेवलंस?"

"बजरंग."

ग्रामसेवक पोट धरून हसला. "खाजा मियाचा बजरंग! लई भारी. मला काय, तू सांगशील ते लिहितो. पुढे येऊन बदलून घे म्हणजे झालं."

"येतो की, बराबर येतो," संपतराव म्हणाला आणि त्याने अंगठा दिला.

त्या अंगठ्याची शाई माझ्यावर अजून आहे. संपतरावचा मला राग येतो, पण तो थोडा. घाबरलेला बाप होता, अडाणी होता. खुळ्याला एवढंही कळलं नाही की मरण काही ग्रामपंचायतीत येऊन माझी पानं चाळत बसत नाही. माझी पानं माणसं चाळतात, आणि माणसं माझ्यावर विश्वास ठेवतात. खरा राग येतो तो त्या पान खाणाऱ्याचा. त्याला ठाऊक होतं. त्याने म्हणायला हवं होतं, 'संपतराव, रीत घरी कर, कोंडा घे, लेकरू शेजारी ठेव, पण इथे खरं तेच लिहीन.' पगार त्याला त्याचाच मिळत होता. तो हसला, लिहून मोकळा झाला आणि पुढचा विडा लावायला घेतला.

बजरंग जगला. भिंतीला धरून चालायला लागला तेव्हा संपतराव-अनुसयाबाईंनी हिरवं लुगडं घेतलं, रहमतबीची ओटी भरली आणि लेकरू घरी आणलं. दोन्ही घरांचं जेवण एकाच अंगणात झालं म्हणे. पण अंगणात सोडवून आणलेलं लेकरू माझ्या पानावरून सोडवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. शाळेत घालताना मास्तरांनी बापाच्या तोंडावर विश्वास ठेवला आणि 'बजरंग संपतराव' असं लिहून घेतलं. पुढचे सगळे कागद शाळेच्या कागदावरून निघत गेले. ग्रामसेवकाची बदली झाली. मी मात्र तिथेच, पोटात ती खोटी ओळ घेऊन.

त्यानंतर माझे दिवस फिरले. नव्या वह्या आल्या, मी मागच्या फळीवर गेले. कपाटाच्या बरोबर वर छपराचा पत्रा फाटलेला आहे. चार-पाच सरपंच आले आणि गेले, प्रत्येकाने तो पत्रा मान वर करून पाहिला, पण बदलला कुणी नाही. पाणी माझ्या खालच्या कडेने आत शिरलं आणि पानं एकमेकांना चिकटली. लाल कापड उंदरांनी कुरतडलं. एकदा तर कपाटाचा डुगडुगणारा पाय टेकवायला मला खाली घातलं होतं. ज्या वहीत अख्ख्या गावाची लेकरं आहेत, ती कपाटाच्या पायाखाली! स्वातंत्र्यदिनाला झेंडा लावायची दोरी मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवतात.

मग कॉम्प्युटर आला. जुन्या नोंदी त्यावर चढवायच्या असा हुकूम निघाला. योगेश नावाचा ऑपरेटर नेमला गेला. तो माझी सुटी पानं वाचायचा आणि चिकटलेली सोडून पुढे जायचा. पानं सोडवायला थोडा धीर लागतो, वाफ लागते, हलका हात लागतो. योगेशने वर कळवून टाकलं, काम पूर्ण. बजरंगचं पान चिकटलेल्यांत होतं.

आता अलीकडचं ऐका. अनुसयाबाईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. बजरंग आता बापासारखाच मेंढरं बघतो, त्याचं लग्न झालं आहे, त्याची बायको अंजली. ही दोघं आईला आलटून पालटून जीपने औंढ्याला आणि तिथून एसटीने हिंगोलीला डायलिसिसला न्यायची. डायलिसिस म्हणजे यंत्रातून रक्त धुवून घेणं. सकाळी निघालेली म्हातारी दिवस बुडताना चिपाडासारखी होऊन परत यायची. डॉक्टर म्हणाले, असं किती दिवस ओढणार, कुणीतरी किडनी दिली तर बाई उभी राहील. संपतरावला साखर, त्याची चालत नव्हती. बजरंगने एका शब्दाने विचारलं नाही की दिल्यावर माझं काय होईल. म्हणाला, माझी घ्या. तपासणी झाली, रक्त जुळलं. घरात पुरणपोळी झाली आणि अनुसयाबाईला खायची बंदी असूनही तिने चवीपुरती बोटाने चाटली. हे सगळं मला नंतर अंजलीच्या तोंडून कळलं.

मोठ्या शहरातल्या दवाखान्याने कागद मागितले. आई आणि मुलगा असल्याचा पुरावा पाहिजे. मित्रांनो, हा कायदा शहाणा आहे. गरिबाची किडनी श्रीमंताने विकत घेऊ नये म्हणून तो केलेला आहे. 'हा माझा मुलगा' असं कुणीही म्हणेल, म्हणून सरकारी नोंद मागतात. म्हणजे माझाच शब्द मागतात.

बजरंग ग्रामपंचायतीत आला. आताच्या ग्रामसेवकाने मला फळीवरून ओढलं, धूळ झटकली, पट्टीने चिकटलेलं पान सोडवलं आणि त्यावरचं जसंच्या तसं उतरवून, शिक्का मारून दिलं. न वाचता दिलं. बजरंगनेही न वाचता पिशवीत घातलं. स्वतःच्या आईचं नाव कोण वाचतो? दवाखान्यातल्या बाईंनी वाचलं आणि त्यांनी फाईल मिटली. 'तुम्ही या पेशंटचे कुणीच लागत नाही,' त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अंजली ग्रामपंचायतीत आली. तिने तो कागद ग्रामसेवकाच्या टेबलावर आपटला.

"काय लिवून दिलं हे तुमी? आई रहमतबी? बाप खाजा मिया? माझी सासू तिकडं मरून राहिली अन् तुमी थट्टा करता व्हय?"

"ताई, वहीत आहे तेच दिलं मी."

"मंग वही चुकली!"

"वही चुकत नसते," ग्रामसेवक म्हणाला आणि मोबाईल बघू लागला.

तो माझ्याबद्दल चांगलं बोलला असं तुम्हाला वाटेल. मला तेव्हा त्याच्या टेबलावरून उडी मारावीशी वाटली. माझ्यावरच्या श्रद्धेने तो बोलला नव्हता, काम टळावं म्हणून बोलला होता. वही चुकते. वहीला चुकवणारे चुकवतात. म्हणून तर कायद्याने दुरुस्तीची वाट ठेवली आहे. खरी हकीकत ठाऊक असलेल्या दोन विश्वासू माणसांनी येऊन सांगायचं, पुरावा द्यायचा, आणि नोंद ठेवणाऱ्याची खात्री पटली की त्याने मूळ ओळीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहून सही करायची. जुनं खोटंही दिसत राहतं आणि नवं खरंही दिसतं. किती सरळ आहे! मनात आणलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

संपतराव आला. काठी टेकत, धाप लागलेला. "सायेब, मीच सांगितलं होतं तवा. माझाच अंगठा हाय. आता मीच सांगून राहिलो, पोरगं माझं हाय."

"म्हणजे तेव्हा तुम्ही सरकारला खोटं सांगितलं?"

"व्हय."

"मग आता खरं सांगता कशावरून?"

 संपतराव काठीला धरून खाली बसला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. खोटं ठाऊक असून लिहिणारा कधीच पेन्शन घेऊन घरी बसला आणि चौकशी झाली ती म्हाताऱ्या मेंढपाळाची.

शकुबाई सुईण आली, आता पाठीत पार वाकलेली. तिने बजरंगला बापाशेजारी उभं केलं. "नाक बघा, कानाच्या पाळ्या बघा. हातच्या काकनाला आरसा काहून पायजे? म्या नाळ कापली, मला इचारा."

आणि रहमतबी आली. खाजा मिया जाऊन बरीच वर्षं झाली. ती शबनमकडे सेनगावला असते, पण निरोप मिळताच मिळेल त्या जीपने आली. ग्रामसेवकाने तिचा जबाब लिहायला घेतला आणि मोठ्याने वाचला: "सदर मुलगा माझा नाही, माझा त्याच्याशी काहीही संबंध नाही."

"ठैरो," रहमतबी म्हणाली. "असं न्हाई लिवायचं."

"असंच लिहावं लागतं, खाला."

"काहून? पाजलं त्याला मी. शबनमच्या वाटचं दूध पेला तो. संबंध न्हाई कसा म्हणू? खोटं एकदा लिवलं त्याचीच तर ही तकलीफ होऊन राहिली, आन् तुमी मला अजून खोटं बोलाया लावता. 'जन्म अनुसयाबाईने दिला' असं लिवा. तेवढंच खरं हाय, तेवढंच लिवा."

त्या कचेरीत माझा मान राखणारी अशी एकच बाई मला इतक्या वर्षांत भेटली. ग्रामसेवकाने कुरकुरत वाक्य बदललं. रहमतबीने ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि मगच अंगठा दिला.

तुम्हाला वाटेल, झालं. मलाही वाटलं होतं. ग्रामसेवक म्हणाला, एवढी मोठी दुरुस्ती, मी अंगावर घेणार नाही, वरून मंजुरी आणतो. वरच्यांनी सांगितलं, ही नोंद कॉम्प्युटरवर दिसतच नाही, आधी ती चढवा.

"चुकीचीच चढवायची?" बजरंगने विचारलं.

"हो. चूक चढल्याशिवाय दुरुस्तीचं पान उघडत नाही," योगेश म्हणाला.

म्हणजे इतकी वर्षं एकाच जागी असलेलं खोटं आता त्यांनी दुसऱ्या जागीही लिहिलं. सर्व्हर बंद, मग लाईट नाही, मग योगेशच्या मेव्हण्याचं लग्न. एकदाची ती चढली. मग फाईल औंढ्याला गेली आणि शेरा घेऊन परत आली: 'नोंदीतील वडील खाजा मिया यांची संमती जोडावी.'

हे ऐकून रहमतबी म्हणाली, "मंग कबरस्तानात जावा आन् घ्या त्याची सही." कचेरीतले सगळे हसले. अंजली हसली नाही आणि मीही हसले नाही. तिकडे अनुसयाबाईला आता जीपमध्ये चढवताना उचलून घ्यावं लागत होतं. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्या घराची गत झाली होती. दवाखाना म्हणे नोंद आणा, नोंदवाले म्हणत मंजुरी आणा, मंजुरीवाले म्हणत मेलेल्याला आणा.

फाईल पुन्हा गेली. साहेब निवडणुकीच्या कामावर होते, मग प्रशिक्षणाला गेले. बजरंग मेंढरं चुलत्यावर सोडून दर दोन दिवसांनी यायचा, दाराशी उभा राहायचा. ग्रामसेवक मान वर न करता हात हलवायचा, म्हणजे नाही आली. त्याचं काही वाईट व्हावं अशी माझी इच्छा नाही. त्याला फक्त एकदा त्या यंत्राशेजारी बसवायला हवं होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

एके दिवशी कचेरी उघडली आणि बजरंग आत आला. दाराशी थांबला नाही, थेट टेबलापाशी आला. ग्रामसेवकाने सवयीने हात हलवला.

"फाईल नाही आली रे अजून."

"फायलीसाठी न्हाई आलो," बजरंग म्हणाला. "आई गेली. काल, घरीच. नोंद करायची हाय."

 ग्रामसेवक उठला, माझ्या शेजारची मृत्यूची नोंदवही त्याने काढली आणि पेनाचं टोपण काढून लिहू लागला. नाव, वय, तारीख, मरणाचं ठिकाण.

"माहिती देणारा?"

"बजरंग संपतराव."

"मयताशी नातं?"

"मुलगा."

ग्रामसेवकाने लिहिलं, 'मुलगा'. मित्रांनो, त्याने पुरावा मागितला नाही. साक्षीदार मागितले नाहीत, वरून मंजुरी मागितली नाही, खाजा मियाची संमती मागितली नाही. सर्व्हर चालू आहे का तेही पाहिलं नाही. त्याच टेबलावर, त्याच माणसाने, त्याच पेनाने लिहिलं की बजरंग हा अनुसयाबाईचा मुलगा. ती जिवंत असताना हाच एक शब्द लिहायला सगळ्या सरकारचे हात गळून पडले होते. बजरंगने सही केली. त्याने त्या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं आणि तो निघून गेला. मला त्या दिवशी इतका संताप आला की वाळवीने मला तेव्हाच खाऊन टाकलं असतं तर बरं झालं असतं.

मंजुरी आली, वरातीमागून घोडं यावं तशी आली. ग्रामसेवकाने मला उघडलं आणि समासात लाल शाईने दुरुस्ती लिहिली. अक्षर छान आहे त्याचं.

मुलांनो, माझी दया करू नका. मला कोरड्या जागी ठेवा, माझी पानं सांभाळा, हे मी म्हणणारच आहे, पण तेवढ्यावर मी गप्प बसणार नाही. आज घरी जा आणि तुमच्या जन्माचा कागद मागा. तो तुम्ही स्वतः वाचा. आईचं नाव वाचा, बापाचं वाचा, तारीख वाचा. चूक असेल तर उद्या नाही, आजच सांगा, आणि 'जाऊ द्या' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तुमच्यातलं कुणी उद्या माझ्यासमोरच्या खुर्चीत बसेल. समोरचा माणूस भीतीने खोटं सांगत असेल तर त्याला हसू नका, त्याला थांबवा. आणि चूक सुधारायला कुणी आला, तर त्याच्या घरी कोण आजारी आहे ते आधी विचारा.

माझ्या समासात आता अनुसयाबाईचं नाव आहे, सहीसकट, शिक्क्यासकट. ते वाचायला बजरंग अजून आलेला नाही.